सायलेन्सर बदलताय? आधी प्लग बघा!

जुनी गाडी, नवा सायलेन्सर आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा दणका. भारीच वाटतं! पण आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली का? आणि त्या आवाजाची किंमत इंजिनाच्या पोटात कोण मोजतं? बाबांच्या किंवा काकांच्या जुन्या बाइकला पाना लावण्याआधी हे वाचाच.

रविवारची सकाळ, साडेसहाची वेळ. पळस्पे फाट्याजवळच्या टपरीसमोर एकेक बाइक येऊन लागायला लागते. एक्स्प्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी, त्यामुळे लोणावळ्याला जाणारे जुन्या हायवेने खोपोली आणि बोरघाट धरणार. बाकीचे गोवा हायवेने कर्नाळ्याच्या खिंडीतून पेण-अलिबागकडे. नव्या चकाचक गाड्यांच्या घोळक्यात एखादी एमएच-०६ ची बुलेट असतेच. पनवेलला एमएच-४६ मिळालं त्याच्या आधीची, घरातल्या कुणी मोठ्याने घेतलेली आणि आता तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात आलेली.

किक बसते आणि टपरीवरचे काचेचे ग्लास थरथरतात. सगळे वळून बघतात. मग ठरलेले प्रश्न. ‘सायलेन्सर बदललास का रे?’, ‘कितीला पडला?’, ‘पंजाब आहे की इंदोर?’ एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. ‘जेट बदललास का?’

मलाही तो कुणी विचारला नव्हता.

माझा उद्योग

बाबांची बुलेट १९९८ ची. ओतीव लोखंडाच्या बोअरची, उजव्या पायाने गिअर टाकायची, चावी फिरवल्यावर अँपिअरचा काटा हलतो की नाही ते बघून किक मारायची. बाबांनी ती वर्षानुवर्षं कंपनीच्या लांब सायलेन्सरवरच चालवली. माझ्या हातात आल्यावर पहिल्याच महिन्यात मी तो काढून आखूड, चकचकीत सायलेन्सर बसवला. आत पुंगळी नावालाच. ‘हवा पण मोकळी घेऊ दे’ असं दुकानदार म्हणाला, म्हणून एअर फिल्टरच्या जागी छोटा जाळीदार फिल्टरही लावला. कार्बोरेटरला कुणी हात लावला नाही. दुकानदारानेही नाही आणि मीही नाही.

पहिले पंधरा दिवस हवेतच होतो. उतारावर थ्रॉटल सोडला की ‘फट-फट-फट’. मित्र म्हणाले, काय फटाके वाजतात यार! मे महिन्यात आम्ही लोणावळ्याला निघालो. खोपोली सोडली, घाट सुरू झाला. डबलसीट, वर सॅडलबॅग. तिसऱ्या गिअरमध्ये ओढताना इंजिनातून बारीक ‘टण टण’ यायला लागली. मला वाटलं, सायलेन्सरचाच आवाज असेल. पाच मिनिटांत गाडीने दम सोडला आणि मागचं चाक एक क्षण जाम झालं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही.

बाइक टेम्पोत घालून पनवेलला आणली. आमच्या मेस्त्रींनी हेड उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे, बोअरवरही तेच. प्लग त्यांनी माझ्या हातावर ठेवला. त्याचं टोक खडूसारखं पांढरं होतं.

‘हे कधी बघितलं होतंस?’ त्यांनी विचारलं.

‘नाही काका.’

‘गाडी महिनाभर सांगत होती तुला. तू आवाजच ऐकत बसलास.’

बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागला. चूक फक्त सायलेन्सरची होती का? नाही. फिल्टर, मे महिना, घाट, डबलसीट, सगळं एकत्र आलं. पण सुरुवात तिथून झाली होती.

सायलेन्सर नेमकं करतो काय?

बहुतेकांना वाटतं की सायलेन्सर म्हणजे आवाज दाबायचा डबा, काढला की इंजिन मोकळं झालं. हे अर्धंच खरं आहे.

फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल तर एक्झॉस्ट वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. दरवेळी जळलेल्या गॅसचा एक गरम गोळा बेंड पाइपमध्ये जोरात फेकला जातो. तो पुढे पळाला की त्याच्या मागे दाब कमी होतो. त्याच सुमाराला इनटेक वॉल्व्ह उघडायला लागलेला असतो आणि काही क्षण दोन्ही वॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. मागचा कमी दाब उरलासुरला जळका गॅस ओढून नेतो आणि ताजं मिश्रण आत यायला मदत करतो. पाइपची लांबी, जाडी आणि पुंगळीची रचना या वेळेशी जुळवलेली असते.

‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच’ असं एक वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. इंजिनाला अडथळा नको असतो. त्याला हवा असतो गॅसचा वेग आणि योग्य वेळ. पाइप गरजेपेक्षा जाड झाला की गॅस रेंगाळतो, वेळ चुकते आणि खालच्या आरपीएमचा दम जातो. म्हणूनच आवाज दुप्पट झालेली बाइक कळंबोली सर्कलला सिग्नल सुटल्यावर उचल खात नाही आणि पहिला गिअर जास्त ताणावा लागतो.

ताकदीचाही हिशेब करा. जुन्या ३४६ सीसी बुलेटचं इंजिन साधारण १८ बीएचपीचं. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे उंच आणि संथ इंजिन. त्याची ताकद छोट्या कार्बोरेटरने, कॅमने आणि कमी कॉम्प्रेशनने बांधलेली असते. बाहेर जायची वाट रुंद केली म्हणून आत येणारं काही आपोआप वाढत नाही. कान मात्र फसतात. आवाज मोठा झाला की बाइक वेगात आहे असं वाटतं. एकदा मोबाइलवर जीपीएस लावून मित्राला वेळ मोजायला सांगा आणि आधीचे-नंतरचे आकडे समोरासमोर ठेवा.

कार्बोरेटरला कोण सांगणार?

२०२० मध्ये बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. आता सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल थोडंफार कमी-जास्त करतो. तुमच्या जुन्या बाइकमध्ये हे कुणीच करत नाही. कार्बोरेटर म्हणजे काही बारीक भोकं आणि एक सुई. ती भोकं कंपनीने त्या फिल्टरला आणि त्या सायलेन्सरला धरून ठरवलेली असतात. दोन्हीकडचा रस्ता मोकळा झाला, हवा जास्त आली, तरी जेट जुन्याच हिशेबाने पेट्रोल देत राहतो. हवा जास्त, पेट्रोल कमी. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘लीन’ झाली.

पेट्रोल नीट जळायला वजनाने एकाला सुमारे १४.७ पट हवा लागते. ओढ असताना मिश्रण याहून थोडं दाट, म्हणजे ‘रिच’ लागतं. जास्तीचं पेट्रोल इंजिनाला थोडं थंडही ठेवतं. लीन मिश्रण मात्र हळू जळतं, उशिरापर्यंत जळतं आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह तापवतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, जुन्या बुलेटचा बोअर ओतीव लोखंडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोघांमधली केसाएवढी फट संपली की पिस्टन बोअरला धरतो. यालाच आपण ‘सीझ झाली’ म्हणतो. माझं घाटात नेमकं हेच झालं.

यात आता एक नवी भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभरातल्या बहुतेक पंपांवर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते, १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा पट. जुन्या हिशेबाच्या जेटवर ई-२० टाकलं तर गाडी आधीच थोडी लीन चालते. त्यावर मोकळा सायलेन्सर, त्यावर उघडा फिल्टर, आणि त्यावर पनवेलचा मे. कुठेतरी हिशेब चुकणारच.

आणि ते फटाके? थ्रॉटल बंद केल्यावर न जळलेलं थोडं मिश्रण सायलेन्सरमध्ये जातं. तिथे गरम गॅस असतो. हेडजवळचं पॅकिंग गळत असेल तर बाहेरची हवाही आत येते आणि भडका उडतो. अधूनमधून एखादा ‘फट’ झाला तर घाबरायचं कारण नाही. सतत फटाके वाजत असतील तर पॅकिंग गळतंय किंवा स्लो स्पीडचं मिश्रण लीन आहे. थोडक्यात, ज्याला आपण स्टाइल म्हणतो ती बऱ्याचदा तक्रार असते. चालत्या गाडीत चावी बंद-चालू करून मुद्दाम बार काढणाऱ्यांबद्दल तर काय बोलायचं? तेव्हा कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं आणि एकदम फुटतं. जुन्या सायलेन्सरच्या शिवणी त्यानेच उकलतात.

आरएक्सवाल्यांनो, तुमचं गणित वेगळं

टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो, अगदी शब्दशः. तिथे वॉल्व्ह नसतात. पिस्टन खाली आला की एक्झॉस्टचं भोक उघडतं आणि ताजं मिश्रणही त्याच वेळी आत येत असतं. त्यातलं काही जळक्या गॅसबरोबर थेट बाहेर पळतं. त्याला अडवतो तो पाइपचा आकार.

पाइप आधी रुंद होत जातो. तिथून ओढ घेणारी लाट परत येते. पुढे तो निमुळता होतो, तिथून दाबाची लाट परत येते आणि बाहेर पळालेलं ताजं मिश्रण भोक बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या इंजिनिअरने हे तंत्र १९५० च्या दशकात रेसिंगमध्ये इतकं पुढे नेलं, की १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसी इंजिनातून २५ बीएचपी निघत होते. त्याच वर्षी त्याचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ मध्ये सुझुकीने त्याच्याच जोरावर ५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. एका पाइपच्या आकारावरून एवढी गुप्तहेरगिरी!

आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या आरएक्स १०० मध्ये याच तत्त्वाचा पाइप आहे. ९८ सीसीतून ७५०० आरपीएमला ११ बीएचपी. तिथे एक्झॉस्टचं भोक सेकंदाला १२५ वेळा उघडतं. त्या लयीशी जुळवलेला पाइप तुम्ही मधून कापला किंवा आतून चिरला, तर लाट चुकीच्या वेळी परत येते. खालचा पिक-अप जातो, ताजं पेट्रोल फुकट बाहेर पडतं, एव्हरेज उतरतं. वरच्या आरपीएमला कधी थोडी धार येतेही. पण सुकापूर ते पनवेल स्टेशन या रस्त्यावर ७५०० आरपीएम तुम्हाला मिळणार कुठे?

‘पण माझी खरंच पळायला लागली!’

असं म्हणणारे सगळे खोटं बोलत नाहीत. त्यांच्या बाइकमध्ये खरंच फरक पडलेला असतो, फक्त कारण वेगळं असतं. त्यांचा जुना सायलेन्सर चोक झालेला असतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. लांबच्या रनमध्ये सायलेन्सर चांगला तापतो आणि ते उडून जातं. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर एवढंच चालवलं तर पाणी आतच राहतं. वर आपला कोकणातला पाऊस आणि दमट हवा. सायलेन्सर आतून सडतो, पुंगळीचे पत्रे सुटून वाट अडवतात. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलचा कार्बन पुंगळीवर थरावर थर बसतो. अशा गाडीला कोणताही नवा सायलेन्सर लावा, ती पळणारच! कंपनीचा तसाच नवा बसवला असता तरी पळाली असती.

म्हणून आधी जुना सायलेन्सर तपासा. हलवून बघा, आत काही खडखडतं का. खाली पाणी जायचं बारीक भोक असेल तर ते बुजलंय का. आरएक्सची पुंगळी काढून साफ करून घ्या. कधी कधी एवढ्यावरच काम होतं आणि हजारो रुपये वाचतात.

कायदा आणि कान

‘पोलिस पकडतात’ एवढंच आपल्याला माहीत असतं. जप्त सायलेन्सरच्या रांगेवरून रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. कायदा काय म्हणतो तेही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० लागू होतं. पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स बाद, अशी त्यात तरतूद आहे.

१७५ सीसीच्या वरच्या टू-व्हीलरसाठी कंपनीला पाळावी लागणारी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. डेसिबलचं गणित सरळ नसतं. ८० चे ९० झाले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, १०० झाले की शंभरपट. रात्री अकरा वाजता लाइन आळीतून तुम्ही एकदाच जाता, पण पाळण्यातलं बाळ आणि त्याची आई पुढचा तासभर जागी राहते. रुग्णालय, शाळा आणि कोर्टाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवता येतात, हेही लक्षात असू द्या.

पीयूसीबद्दल एक गंमत. अनेक जण सांगतात, ‘पीयूसी पास आहे, म्हणजे ट्युनिंग ठीक आहे.’ पीयूसी कार्बन मोनॉक्साइड मोजते आणि तो रिच गाडीत जास्त निघतो. लीन गाडीत तो कमीच असतो. म्हणजे इंजिन आतून भाजत असलं तरी पावतीवर सगळं छान दिसू शकतं. जुन्या पावत्या जपून ठेवा. सायलेन्सर बदलल्यावर हा आकडा एकदम खाली आला असेल तर खूश होऊ नका, प्लग काढून बघा.

गाडी काय सांगतेय, ते ऐका

• प्लग बघा : गाडी गरम करून एका वेगात दोन-तीन किलोमीटर चालवा. मोकळी, सुरक्षित जागा बघून क्लच दाबा, इंजिन बंद करा आणि बाजूला थांबा. प्लग थोडा निवला की काढा. पेढ्यासारखा तपकिरी रंग चांगला. खडूसारखा पांढरा म्हणजे लीन. कोरडी काजळी म्हणजे रिच. काळा आणि तेलकट असेल तर रिंगा किंवा वॉल्व्ह सील बघून घ्या. हल्लीच्या पेट्रोलवर रंग थोडा फिका येतो, त्यामुळे एकाच प्लगवरून निकाल लावू नका.

• दम कुठे तुटतो? : थ्रॉटल जेमतेम उघडल्यावर अडखळली तर स्लो जेट आणि हवेचा स्क्रू. अर्ध्या थ्रॉटलला अडखळली तर सुई. पूर्ण उघडल्यावर दम गेला तर मेन जेट. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येते आणि मिश्रण दाट होतं.

• एका वेळी एकच बदल : आज सायलेन्सर, उद्या फिल्टर, परवा जेट असं करा आणि मधे शंभर किलोमीटर चालवा. सगळं एकदम बदललं तर चूक कुठे झाली ते मेस्त्रींनाही सांगता येणार नाही.

• पॅकिंग नवीनच : सायलेन्सर उतरवला की हेडजवळचं पॅकिंग बदला. दहा फटाक्यांमागे एक कारण हमखास तिथे सापडतं.

• ‘टण टण’ आली की थांबा : चढावर ओढताना बारीक धातूचा आवाज आला की थ्रॉटल सोडा, सावलीत थांबा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चाक जाम झाल्यासारखं वाटलं तर पहिलं काम क्लच दाबायचं.

• जुना सायलेन्सर विकू नका : री-रजिस्ट्रेशनच्या वेळी तो लागेलच. आणि एखाद्या दिवशी तुम्हालाच तो परत लावावासा वाटेल.

शेवटचा मुद्दा अनुभवाचा आहे. बोअर झाल्यावर मेस्त्रींनी विचारलं, ‘कोणता लावू?’ मी काही बोलायच्या आत बाबा माळ्यावर चढले आणि गोणपाटात गुंडाळलेला कंपनीचा सायलेन्सर खाली घेऊन आले. मी तो भंगारात टाकायला सांगितला होता. त्यांनी टाकला नव्हता. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, ‘आता पाचशे किलोमीटर हळू चालव.’

पुढच्या रविवारी पळस्प्याला गेलो तर टपरीवरचा एकही ग्लास हलला नाही. कुणी वळून बघितलं नाही. पण त्यानंतरच्या पावसाळ्यात तीच गाडी डबलसीट लोणावळ्याला चढली आणि परत आली. उतरल्यावर मी पहिला प्लग काढला. पेढ्यासारखा होता!